मधली जागा

“पप्पा, तिथं नको!”

दोघी एकदम ओरडल्या आणि माझ्या हातातलं ताट हललं. आमटी भातावरून वाहत चपातीखाली गेली. सकाळची ड्यूटी उरकून मी घरी आलो होतो, स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलं होतं आणि बाहेरच्या खोलीत, मधोमध, पंख्याखाली बसायला नुकता वाकलो होतो. माझ्याच घरात, माझ्याच पंख्याखाली.

“का? फरशी ओली आहे का?”

“ओली नाही,” मयूरी म्हणाली. “पण तिथं नको. कडेला बसा ना.”

थोरली मयूरी तेव्हा दहावीत होती आणि धाकटी श्रावणी पाचवीत. दोघींनी दारातली पायपुसणी, स्टूल, शिवणाचं मशीन सगळं भिंतीला लावलं होतं. टीव्हीच्या फळीवर डब्याला टेकून मोबाइल उभा होता आणि त्यातून एका अक्षराचाही अर्थ लागू नये असं गाणं जोरजोरात चाललं होतं. मयूरी एका कडेला, श्रावणी दुसऱ्या कडेला. मध्ये एवढी जागा मोकळी, की एक खाट सहज मावली असती.

“एवढी फरशी कुणासाठी राखून ठेवलीय? पाहुणे यायचेत का?” मी म्हणालो.

गाणं बंद झालं. मी भिंतीला पाठ लावून जेवलो आणि त्या दोघी आत निघून गेल्या. त्या दिवसांत आमच्या घरात असंच चालायचं.

मी विट्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. लोक कंट्रोलर म्हणतात. गाडी आली, गाडी गेली याची नोंद करायची, वाहकांशी हुज्जत घालायची आणि माइकवरून ओरडायचं, हे माझं काम. आवाज देवानं दिलेला. माझी घोषणा झाली की खानापूरला जाणारा माणूस झोपेतसुद्धा चुकून आटपाडीच्या गाडीत चढत नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. घरी मात्र तो आवाज मी दारातच काढून ठेवत असे. घरात बोलायचं काम मयूरीच्या आईचं होतं.

त्या उन्हाळ्यात ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, सांगलीला नेलं, आणि येताना आम्ही तिला घेऊन आलो ते रुग्णवाहिकेतून. त्यानंतर घरात आम्ही तिघं उरलो आणि तिघं तीन कोपऱ्यांत राहायला लागलो. गल्लीत दिवसभर यंत्रमाग खडखडत असतात, त्यामुळे आमच्या घरात कुणी बोलत नाही हे शेजाऱ्यांनासुद्धा कळलं नसेल.

मी तिला ‘मयूरीची आई’ म्हणतो आहे, ते उगीच नाही. आमच्यात नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायची रीत नव्हती. ती मला ‘अहो’ म्हणायची, मी तिला ‘अगं’. लग्नात उखाणा घ्यायच्या वेळी बायकांनी अडवलं तेव्हा एकदा तिचं नाव घेतलं होतं, तेही इतकं पुटपुटत, की करवल्या म्हणाल्या, नवरदेवाला परत घ्यायला लावा. परत मी घेतलं नाही. पुढं कधी गरजच पडली नाही. हाक मारायच्या आधीच ती समोर यायची.

---

त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. पण भाऊबीजेला आक्का आली. आक्का माझी थोरली बहीण, इचलकरंजीला दिलेली. घरात दोन सुना, नातवंडं, माडीवर खोल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहिले आणि पदरानं डोळे पुसले.

“सण न्हाई तर न्हाई,” ती म्हणाली, “पर भावाला ववाळल्याबिगार म्या ऱ्हानार न्हाई. बस पाटावर.”

मी बसलो. तिनं टिळा लावला, ओवाळलं. मी खिशात हात घातला, तर तिनं माझं मनगट धरलं.

“त्ये नगं. मागीन ती ववाळनी देशील?”

“बोल की.”

“धाकलीला माझ्याकडं दे.”

निरांजन तिच्या हातात तसंच होतं. तीच पुढं बोलत राहिली. “तू सकाळपाळीला गेलास की पोरी कुलूप लावून शाळंत. दुपारपाळीला गेलास की दिवं लागंस्तवर दोघीच घरात. मयूरीचं दहावीचं वरीस. तिनं शिकायचं का धाकलीच्या येन्या घालायच्या? माझ्याकडं भरलं घर हाय. शाळा दारात हाय. उत्तम, म्या तिला हिरावून न्हेत न्हाई रं. संभाळायला न्हेते.”

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. शिवाय ओवाळणीच्या ताटापुढे बसलेल्या भावाला नाही म्हणता येत नाही. निदान आमच्या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

“ने,” मी म्हणालो.

स्वयंपाकघराच्या दारात मयूरी उभी होती. ती आत वळली. श्रावणी तिच्यामागे होती की नाही, ते मला दिसलं नाही. सुट्टी संपायच्या आधी, रविवारच्या गाडीनं न्यायचं ठरलं.

---

शुक्रवारी माझी सुट्टी होती. दुपारी आक्का शेजारी म्हमाणेकाकूंकडे गप्पा मारायला गेली. मयूरी आत अभ्यासाला बसली होती. श्रावणी बाहेरच्या खोलीत आपली पिशवी भरत होती. फ्रॉक घालायची, काढायची, परत घालायची. मला ते बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “ती तुझी पोरं दाखव की मला.”

“कुठली पोरं?”

“ती. नाचणारी. चिनी.”

“कोरियन!” इतक्या जोरात ओरडली की आतून मयूरीसुद्धा ओरडली, “कोरियन, पप्पा!”

“बरं, कोरियन. दाखव.”

तिनं आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. बाप चेष्टा करतोय की काय, याचा अंदाज घेत होती. मग “पाच जण आहेत हं,” असं बजावून मोबाइल आणला. तो तिच्या आईचाच जुना मोबाइल, कोपऱ्यात काच तडकलेली. एक मोठं स्टेज, खाली अंधारात हजारो दिवे, आणि वर पोरं नाचत होती. त्या गटाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण मला ते अजून नीट घेता येत नाही आणि चुकवलं की पोरी आजही रागावतात. पोरं मला सगळी एकाच आईची दिसत होती. केस मात्र आमच्या गल्लीतल्या सुताच्या कोनांसारखे, एक जांभळा, एक पिवळा, एक राखाडी.

पण नाचत होती, ते बघत राहावं असं होतं. एकाचा हात वर गेला की सगळ्यांचे त्याच क्षणी वर. मी आयुष्यभर वेळापत्रकाच्या मागे लागलेला माणूस, असा वक्तशीरपणा मी आमच्या डेपोत पाहिला नव्हता.

“चांगली आहेत की गं,” मी म्हणालो. “पण तू पाच म्हणाली होतीस. ही चौघंच आहेत.”

“पाचच आहेत. सन-उ आजारी आहे. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, तो घरी आहे.”

“मग मध्ये एवढी जागा कशाला सोडलीय? सरकून घ्यायचं की जरा.”

रिकामी जागा दिसली की ‘सरका, सरका’ म्हणून माणूस बसवायचा, यात माझी हयात गेलेली. पण श्रावणीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सीट फाडणाऱ्या प्रवाशाकडे पाहतो.

“सरकायचं नसतं. ती सन-उची जागा आहे.”

“पण तो नाही ना तिथं.”

“नाही म्हणून काय झालं? जागा त्याचीच आहे.”

पडद्यावर चौघं नाचत होते. वळताना, धावताना, एकमेकांच्या बाजूनं जाताना त्या मोकळ्या जागेला कुणी धक्का लावत नव्हता. जणू तिथं कुणी उभंच होतं.

“आता ऐका हं,” श्रावणी म्हणाली. “आता लोक नावं घेतील.”

गाण्यात शब्द थांबले, नुसता ठेका राहिला, आणि खालचा सगळा अंधार एका सुरात ओरडायला लागला. ठेक्यावर एकेक नाव. श्रावणी त्यांच्यासोबत ओरडत होती. “किम दो-ह्योक! पार्क मिन-जे! ली सन-उ! चोई यॉन-गी! हान जू-वॉन!”

“तिसऱ्याला जास्त ओरडले,” मी म्हणालो. आवाजातला फरक मला लगेच कळतो.

“सन-उला ना. तो तिथं नाही, म्हणून त्याचं जास्त मोठ्यानं घ्यायचं. त्याला घरी ऐकू गेलं पाहिजे.”

माझी नजर आपोआप समोरच्या फरशीवर गेली. खिडकीजवळचं शिवणाचं मशीन, स्टूल, आणि मधली ती मोकळी जागा. परवा मी ताट घेऊन तिथं बसायला निघालो होतो. पोरींनी आपल्या आईची जागा राखली होती आणि मी विचारलं होतं, पाहुणे यायचेत का. मी श्रावणीच्या बाजूला सरकून म्हणालो, “शिकव मला.”

“काय?”

“ती नावं. बघू येतात का.”

तिनं शिकवली. मी म्हटली. ती हसायला लागली. “पप्पा, असं नाही! तुम्ही गाडी सोडल्यासारखं म्हणताय.”

“मग मी दुसरं काय करतो? ऐक.” मी घसा खाकरला आणि स्टँडवरचा आवाज लावला. “किम दो-ह्योक, पार्क मिन-जे, ली सन-उमार्गे चोई यॉन-गीला जाणारी हान जू-वॉन गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे!”

श्रावणी हसत हसत फरशीवर आडवी झाली. आतून मयूरी पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली. तोंडावर हात दाबून ठेवला होता, पण डोळे हसत होते. उन्हाळ्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. कुणीतरी खिडकी उघडावी तसं मला वाटलं.

“चोई यॉन-गी गाव नाहीये, पप्पा,” मयूरी म्हणाली.

“मग सुधार की. तू कशाला आहेस?”

तीही बसली. मला ठेका समजावून सांगितला, कुठं श्वास घ्यायचा ते सांगितलं. चार-पाच वेळा केल्यावर मला जमायला लागलं. माइकवर बोलणाऱ्याला दम कुठं राखायचा हे शिकवावं लागत नाही.

“मम्मीला पहिल्या दिवशीच आलं होतं,” श्रावणी म्हणाली.

“आईला? तिला हे माहीत होतं?”

“मग! भाकरी थापताना म्हणायची. परातीत ठेका धरून. तुम्ही ड्यूटीवर असायचा तेव्हा आम्ही तिघी रोज नाचायचो. मम्मीनं आपलंपण केलं होतं. आपल्या घरचं. पहिलं तुमचं नाव, मग मम्मीचं, मग दीदीचं, मग माझं. म्हणायचं का?”

माझ्या घरात माझ्यामागे रोज नाच चालायचा आणि मला पत्ता नव्हता. मला त्याचा रागही आला आणि इतकं बरंही वाटलं, की त्या दोन्हींचं काय करावं ते कळेना. ती बाई दुपारभर मशीनवर वाकून ब्लाउज शिवायची, एवढंच मी जाणत होतो.

“म्हणूया,” मी म्हणालो.

मयूरीनं मांडीवर ठेका धरला. मी आवाज लावला. “उत्तम म्हेत्रे!” आणि पुढचं नाव यायचं तिथं मी थांबलो. तोंड उघडं होतं, दमही होता. आवाज आला नाही. ठेका पुढे गेला. पोरींनी आपापली नावं घेतली नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“परत,” श्रावणी म्हणाली.

परत तेच झालं.

“जाऊ दे, श्रावणी,” मयूरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर मी त्यावर काही बोललो असतो. “पप्पा मम्मीचं नावच काढत नाहीत. ती गेल्यापासून एकदाही नाही. मी बघतीय.”

ती उठून आत गेली. श्रावणीनं मोबाइल बंद केला आणि परत पिशवीतले फ्रॉक बाहेर काढायला लागली. तेवढ्यात आक्का आली आणि चहाचं बघायला लागली.

---

रविवारी दुपारी मी केबिनमध्ये होतो. दिवाळीची गर्दी ओसरली नव्हती. आक्का, मयूरी आणि श्रावणी रिक्षानं आल्या. इचलकरंजीची गाडी फलाटावर लागलेली होती. आक्कानं आत जाऊन जागा धरली, पिशव्या वर टाकल्या आणि मयूरी खाली खिडकीशी उभी राहून तिच्याशी बोलत होती. श्रावणी पळत माझ्या केबिनच्या जाळीपाशी आली.

“पप्पा, ती मधली जागा तशीच ठेवा हं. दीदी अभ्यासात विसरते. तिथं कपडे वाळत घालते.”

“ठेवतो की. मी बसेन का तिथं? तुझ्या आईची जागा आहे ती.”

तिनं जाळीतून माझ्याकडे बघितलं. “मम्मीची? मम्मीची खिडकीजवळची. मशीन आहे ना, तिथली. आम्ही मशीन परत जाग्यावर लावतो म्हणून तुम्हाला कळत नाही.”

“मग मधली कुणाची?”

“तुमची.”

एक वाहक खिडकीतून कागद आत सरकवत होता. मी त्याला हातानं थांबवलं.

“माझी कशी? परवा मला बसू दिलं नाहीत तिथं.”

“ताट घेऊन कुणी बसतं का तिथं? नाचायची जागा आहे ती!” माझ्या अडाणीपणाचा तिला अगदी कंटाळा आला होता. “तुम्ही ड्यूटीवर असायचा ना. मग मम्मी म्हणायची, पप्पांची जागा सोडा, ते गाड्या सोडून आले की येतील. आणि तुमचं नाव आम्ही सगळ्यात मोठ्यानं घ्यायचो. मम्मी तर केवढ्यानं घ्यायची! तुम्हाला स्टँडवर ऐकू गेलं पाहिजे ना.”

“आई माझं नाव घ्यायची?”

“रोज,” श्रावणी म्हणाली.

गाडीतून आक्काची हाक आली. “चल गं बाय, गाडी सुटायची वेळ झाली.” श्रावणीनं जाळीतून बोटं घालून माझ्या बोटांना लावली आणि पळत जाऊन गाडीत चढली.

वाहकाचा कागद मी घेतला, शिक्का मारला. ड्रायव्हर चढला. मी माइकचं बटण दाबलं आणि आवाज नेहमीसारखा बाहेर आला. “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. विट्याहून तासगाव, सांगली, जयसिंगपूरमार्गे इचलकरंजीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवरून सुटत आहे.”

घोषणा संपली. बटण सोडायचं होतं. माझं बोट उठेना.

ती बाई वर्षानुवर्षं परातीवर ठेका धरून माझं नाव घेत होती. मी कधी घरी लवकर जाऊन ते ऐकलं नाही. आणि माझ्या हातात सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा माइक होता.

“उत्तम म्हेत्रे!” मी म्हणालो.

चहाच्या गाड्यावरच्या दोघा-तिघांनी मान वर केली. कंट्रोलरनं स्वतःलाच का पुकारलं, असं त्यांना वाटलं असणार. मी डोळे मिटले. जिथं आवाज अडला होता तिथं आलो, आणि दम घेतला, मयूरीनं शिकवला होता तसा.

“हेमलता म्हेत्रे!”

माझ्या नोकरीत मी इतक्या मोठ्यानं कधी ओरडलो नव्हतो. कर्ण्यातून शीळ निघाली. छतावरची कबुतरं उडाली. समोरच्या भिंतीवर आपटून ते नाव माझ्याकडे परत आलं, आणि मला ते अनोळखी वाटलं नाही.

“मयूरी म्हेत्रे! श्रावणी म्हेत्रे!”

नावं पुकारली की पुढचं वाक्य आपोआप येतं. चुकलेल्या माणसांसाठी रोज तेच म्हणायचं असतं, जीभ सरावलेली. “आपण जिथं असाल तिथून कंट्रोलर केबिनजवळ यावे. आपल्या घरची माणसं आपली वाट पाहत आहेत.”

म्हणून झाल्यावर मला कळलं, मी कुणाला काय म्हणालो ते. बटण सोडलं. स्टँडवर इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. वाहक लोक मला ओळखत होते, हेमलता कोण हे त्यांना माहीत होतं. इचलकरंजीच्या ड्रायव्हरनं चालू केलेलं इंजिन बंद केलं.

आणि त्या शांततेत फलाटावरून मयूरी ओरडली. लाजाळू पोरगी, वर्गात उत्तर द्यायलासुद्धा उभी न राहणारी, पण तिचा आवाज माझाच होता, हे मला त्या दिवशी कळलं. “उत्तम म्हेत्रे!” तिनं सुरुवात केली आणि गाडीच्या खिडकीतून धाकटीनं तिला गाठलं. “हेमलता म्हेत्रे!” दोघी मिळून. मग श्रावणी खिडकीत दिसेनाशी झाली आणि दारातून उडी मारून माझ्या केबिनकडे पळत आली. घोषणेत सांगितलं होतं तसंच ती वागत होती.

आक्का मागून उतरली. पायऱ्या उतरताना तिनं डोळ्याला पदर लावला होता. जाळीपाशी येऊन माझ्याकडे बघत राहिली.

“आरं उत्तम,” ती म्हणाली, “बायकूचं नाव समद्या ष्टँडात घेतलंस की रं.”

“आक्का, ओवाळणी दिली होती तुला. पण...”

“गप. अशी ववाळनी कोन न्हेतं का?” ती म्हणाली. “माझी साडी घेऊन दे एक. चांगली घे, सुती बिती नगं. आनि मयूरीची परीक्षा हुईस्तवर मीच ऱ्हाते हितं. तिकडं दोन सुना हायती, त्यांनाबी कळू दे घर चालवायचं म्हंजी काय.”

गाडी निघून गेली. गडबडीत आक्काची आणि श्रावणीची पिशवी आणि म्हमाणेकाकूंनी दिलेला चकल्यांचा डबा, सगळं इचलकरंजीला गेलं आणि संध्याकाळच्या फेरीला परत आलं. डब्यात चकल्या नव्हत्या. वाहकानं ते काही कबूल केलं नाही.

---

ड्यूटी संपवून घरी गेलो तर मयूरीनं मशीन, स्टूल भिंतीला लावून ठेवलं होतं. एक खिडकीजवळची जागा मोकळी होती आणि एक मधली. आक्का पाटावर बसून बघत होती. मी चपला काढल्या, खाकी शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि मधल्या जागेत जाऊन उभा राहिलो. मला नाचता येत नाही. हात वर म्हटल्यावर माझे खाली असायचे, आणि श्रावणी कपाळाला हात लावायची. पण खिडकीजवळच्या जागेला मी एकदाही धक्का लागू दिला नाही.

आता मयूरी पुण्यात नोकरी करते आणि श्रावणी कॉलेजला आहे. ती पाच पोरंही थोराड झाली, त्यातली काही त्यांच्या देशाच्या सक्तीच्या सैन्यात जाऊन आली. सन-उ बरा होऊन परत नाचायला लागला, त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला होता. त्यांना विटा कुठं आहे हे माहीत असायचं कारण नाही. स्टँडवरच्या एका माणसाला त्यांच्यामुळे त्याच्या पोरी मिळाल्या, आणि त्याची बायको घरात दिवसभर काय करायची ते कळलं, हेही त्यांना कधी कळणार नाही. पण मी त्यांचा ऋणी आहे. देवासमोर हात जोडताना कधीकधी ती पाच नावंही घेतो, आता ठेक्यात.

एक सांगायचं राहिलं. त्या रविवारनंतर दुसऱ्या दिवशी डेपो मॅनेजरांनी मला आत बोलावलं. साहेब नवीन बदलून आलेले, त्यांना आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. आता बोलणी बसणार म्हणून मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. साहेब फाइलीतून वर न बघताच म्हणाले, “काय हो म्हेत्रे, काल तुम्ही एवढ्या जोरात कुणाला पुकारत होता? माझ्या ऑफिसपर्यंत ऐकू आलं. त्या हेमलता म्हेत्रे सापडल्या का मग?”

“हो साहेब,” मी म्हणालो. “सापडल्या.”